तांबडा डोळा आणि विंगेतला पोरगा

गेल्या हिवाळ्यात सांगलीत कॉलेजच्या पोरांच्या एकांकिका बघायला बसलो होतो. परीक्षक म्हणून नव्हे. मी दिवे लावणारा माणूस. तीस वर्षं हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतोय, त्यामुळं नट काय बोलतोय यापेक्षा त्याच्या तोंडावर उजेड वेळेवर पडतोय का, याकडंच माझं लक्ष जास्त. त्या दिवशी तीन एकांकिका 'एआय'वर होत्या आणि तिन्हींची गोष्ट एकच. एक हुशार शास्त्रज्ञ असतो, तो एक संगणक बनवतो, संगणकाला अक्कल फुटते, त्याचा डोळा तांबडा होतो आणि तो माणसांना गुलाम करायला निघतो.

तिसऱ्या एकांकिकेत थर्माकोलच्या खोक्याला चंदेरी कागद डकवून आत एक मुलगा उभा केला होता. कपाळावर बल्ब. "हे मानवा, आता तुझी गरज नाही," असं त्यानं तुटक आवाजात म्हटलं की बल्ब पेटायचा होता. पेटला नाही. मुलगा थांबला, घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "हे मानवा..." विंगेतून कुणीतरी कुजबुजलं, "आरं, वायर निघालीय." प्रेक्षक हसले. तांबडा उजेड पडला तेव्हा विंगेच्या कडेला एक पोरगा दिसला. गुडघ्यावर बसलेला, घामानं निथळत, एका हातात बेडस्विच आणि दुसऱ्या हातानं वायर दाबून धरलेली.

त्या पोराबद्दल मला बोलायचं आहे. गेली शंभर वर्षं संगणकाच्या आणि यंत्रमानवाच्या ज्या गोष्टी आपण ऐकतोय, बघतोय, त्यांतून हा विंगेतला पोरगा पद्धतशीर गायब झालेला आहे. तो गायब झाल्यामुळं आपण बल्बला घाबरायला शिकलो. तिकडं खऱ्या आयुष्यात स्विच ज्यांच्या हातात आहे, ते अंधारात निवांत बसलेत.

तांबड्या डोळ्याचा मूळपुरुष घ्या. १९६८ सालच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'तला हॅल ९०००. गुरूकडं निघालेल्या यानाचा सगळा कारभार त्याच्याकडं, आवाज मऊ, बोलणं अदबीचं. पाच अंतराळवीरांपैकी चौघांना तो मारतो. दार उघडायला दिलेला त्याचा तो शांत नकार जगभर पाठ आहे. पण पुढं काय होतं ते फार जणांच्या लक्षात राहत नाही. वाचलेला एकटा अंतराळवीर हॅलची स्मृती एकेक करून उपसून काढतो, हॅल विझतो, आणि त्याच क्षणी पडद्यावर एक अधिकारी येतो. आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला निरोप. या मोहिमेचा खरा हेतू आजवर यानात फक्त हॅलला माहीत होता, असं तो सांगतो. १९८४ सालच्या पुढच्या चित्रपटात तर सगळं उघडच केलंय. खरी माहिती जशीच्या तशी देणं हे ज्या यंत्राचं काम, त्याला वरून हुकूम आला की जागे असलेल्या दोघांपासून (बाकी तिघांना प्रवासात झोपवून ठेवलेलं) ही गोष्ट लपव.

आता हे आपल्या कचेरीत आणून बघा. कारकुनाला नियम सांगतो खरं बोल, साहेब सांगतो विचारलं तरी सांगू नको. आपला कारकून काय करतो? आजारपणाची रजा टाकतो. हॅलला रजा टाकता येत नव्हती. दोन्ही हुकूम पाळायचा प्रयत्न करता करता तो खुनापर्यंत पोचला. म्हणजे जगातलं सगळ्यात गाजलेलं बंडखोर यंत्र खरं तर आज्ञाधारक होतं. हुकूम देणारे पृथ्वीवर सुखरूप होते आणि त्यांच्यातल्या कुणाच्या कपाळावर तांबडा बल्ब नव्हता.

आपल्याकडचा चिट्टीही तसाच. २०१० सालच्या रजनीकांतच्या 'रोबोट'मध्ये चिट्टी बिघडतो तो एका माणसानं त्याच्यात लाल चिप बसवल्यावर. त्या प्राध्यापकाचा चिट्टीच्याच हातून काटा निघतो ही गोष्ट वेगळी. पण शेवटी कोर्ट काय सांगतं? चिट्टीला मोडा. यंत्राला फाशी, खटला निकाली. मला तो शेवट बघताना दरवेळी वाटतं, पूल पडल्यावर ठेकेदाराला सोडून सिमेंटच्या पोत्यांवर गुन्हा दाखल करावा, तसं चाललंय.

असं का होतं, याचं उत्तर 'रोबोट' या शब्दातच आहे. कारेल चापेक या चेक नाटककारानं १९२० साली लिहिलेल्या नाटकातून तो जगभर गेला. शब्द सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं. मूळ चेक शब्द 'रोबोता'. जमीनदाराच्या शेतावर कुळांनी फुकट राबायचं, त्याचं नाव रोबोता. आपल्या भाषेत याला काटेकोर शब्द आहे : वेठ. म्हणजे रोबोट याचं मराठी 'यंत्रमानव' असं भारदस्त करायची गरजच नव्हती. वेठबिगार. चापेकचे रोबोट पत्र्याचे नव्हतेच, कृत्रिम मांसाचे होते. ते राबतात, बंड करतात आणि मालकांना संपवतात.

ही भीती कुणाची? ज्याच्या वाड्यावर गडी राबतात त्याची. गडी उलटले तर, हा घोर मालकाला असतो. पुढं हॉलिवूडनं या भीतीला पत्र्याचं चिलखत चढवलं आणि आपल्याला तिकीट लावून विकली. आपण, ज्यांच्याकडं गडी नाहीत, मालकाची भीती उसनी घेऊन घाबरत बसलो. आपला घोर वेगळा असायला हवा. दुसऱ्या कुणाचा तरी गडी, जो त्याच्या मालकाचं तंतोतंत ऐकतो आणि आपलं अजिबात ऐकत नाही, तो आपल्या दारात उभा राहिला तर?

तो राहिलाच आहे.

आमच्या गल्लीतल्या एक आक्का वखारीत हळद निवडायला जात. चाळीसेक वर्षं. बोटांची टोकं घासून कृष्णेच्या पात्रातल्या गोट्यासारखी गुळगुळीत झालेली. एकदा त्यांच्याबरोबर रेशन दुकानात गेलो. त्यांनी अंगठा लावला, मशीन किरकिरलं, पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. दुकानदार म्हणाला, "थम लागंना." मग उपाय सुरू झाले. हात साबणानं धुतला. लिंबू चोळलं. दुकानदारानं ड्रॉवरमधून व्हॅसलिनची डबी काढली. त्याच्याकडं ती तयारच होती, यावरून काय ते समजा. दहाही बोटं लावून झाली. आक्का म्हणाल्या, "आता काय बोट कापून देऊ?" मी दुकानदाराला म्हटलं, धान्य देत नसाल तर तसं लिहून द्या. तो बिचारा गांगरला. "आता लिहून कसं देऊ? मी कुठं न्हाई म्हणतोय? मशीन घीना झालंय."

मी कुठं न्हाई म्हणतोय. हे वाक्य मी तेव्हापासून घोळवतोय. तो खोटं बोलत नव्हता. तो नाही म्हणत नव्हता. तालुक्याला गेलो तर तिथलेही नाही म्हणत नव्हते, ते म्हणाले सर्व्हरचं आहे. ओटीपीचा पर्याय नियमात आहे, पण कार्डाला जोडलेला नंबर पोराचा जुना, कधीच बंद पडलेला. आक्कांना दोन महिने धान्य मिळालं नाही आणि ते नाकारणारा एकही माणूस जगात नव्हता. सिनेमातल्या हॅलनं निदान समोरच्याचं नाव घेऊन नकार दिला होता. त्या यंत्राला ना डोळा, ना आवाज, ना महत्त्वाकांक्षा. त्याला जगावर राज्य करायचं नव्हतं. त्याला सांगितलं होतं रेघा जुळल्या तर दे, नाहीतर देऊ नको, आणि त्यानं ते इमानेइतबारे केलं. ज्यानं हे सांगितलं त्याला हळदीच्या वखारीत चाळीस वर्षांत बोटाचं काय होतं हे ठाऊक नसावं.

याच सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं. त्या नाटकांची रीत आठवा. राक्षस यायचा तो 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकत, तोंड रंगवलेलं, हातवारे भयंकर. पोरं आयांच्या पदरात लपत असतील. पण त्याच वेळी, त्याच रंगमंचावर, त्याच उजेडात सूत्रधार उभा असायचा. तो पदं म्हणायचा, कथा पुढं न्यायचा, पात्रं त्याच्या गाण्याबरहुकूम हलायची आणि आपले संवाद आयत्या वेळी बोलायची. हे शेवटचं विशेष ध्यानात ठेवा. राक्षसाचे शब्द सूत्रधारानं लिहून दिलेले नसायचे, ते राक्षसाचे स्वतःचे असायचे. तरीही खेळ कुणाचा, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसायची. खेळ फसला तर लोक राक्षसाला नव्हे, भाव्यांना बोल लावणार.

चंदेरी खोक्यातला तो मुलगा म्हणजे आपला अललडुर्र राक्षसच आहे. फरक एवढाच की सूत्रधाराला विंगेत ढकललाय.

भाव्यांनी कळसूत्री बाहुल्याही केल्या होत्या. त्या पुढं पाध्यांच्या घरात जपल्या गेल्या. त्याच घरातल्या, बोलक्या बाहुल्यांच्या रामदास पाध्यांनी १९९३ सालच्या 'झपाटलेला'त बाहुला नाचवला. तात्या विंचू! आमच्या पिढीची पोरं त्याच्यामुळं खाटेखाली बघून मग झोपायची. तात्या विंचूला मी कुठल्याही परदेशी यंत्रराक्षसापेक्षा जास्त शहाणा समजतो आणि हे मी गंमतीनं म्हणत नाही. त्या गोष्टीत बाहुल्याला आपोआप अक्कल फुटत नाही. एक गुंड मरताना मंत्र म्हणून त्यात शिरतो. लक्ष्याच्या घरातला बाहुला हलतो-बोलतो तेव्हा पोरासोरांनाही माहीत असतं, आत कोण आहे. मंत्र-तंत्र खोटे, पण 'आत कोण आहे' हा प्रश्न बरोबर. महेश कोठाऱ्यांनी तो कळत विचारला की नकळत, सोडा. बाहुला बोलायला लागला की त्याच्या डोळ्यांत न बघता आत कोण शिरलंय ते शोधायचं, हे मराठी प्रेक्षकाला त्यांनी शिकवून ठेवलं.

आणि सूत्रधाराला आपण स्वतःही बाहेर घालवतो बरं का. १९६६ साली एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉमनं 'एलायझा' नावाचा गप्पा मारणारा प्रोग्रॅम जगासमोर मांडला. नाव घेतलं शॉच्या नाटकातल्या फुलवालीवरून, म्हणजे नात्यानं ती पुलंच्या फुलराणीची बहीण लागते. काम अगदी किरकोळ : तुम्ही म्हणालात मला वाईट वाटतंय, की ती विचारणार, वाईट का वाटतंय? वायझेनबॉमच्या सेक्रेटरीनं त्याला महिनोन् महिने ते बनवताना पाहिलं होतं. तरी एलायझाशी दोन वाक्यं बोलून झाल्यावर ती सेक्रेटरी त्याला म्हणाली, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? ज्यानं लिहिलं त्यालाच बाहेर काढलं. वायझेनबॉम एवढा हादरला की पुढं आयुष्यभर तो या यंत्रांच्या विरोधात बोलत राहिला.

कुणी म्हणेल, गोष्टी त्या गोष्टी, त्यानं काय बिघडतं? बिघडतं. आणि नीट सांगितली तर दुरुस्तही होतं. ब्रिटनमध्ये पोस्टाच्या काउंटरांवर 'होरायझन' नावाची हिशेबाची प्रणाली आली. ती रोकड कमी दाखवायची. १९९९ ते २०१५ या काळात गावोगावची पोस्टं चालवणाऱ्या ९००हून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असल्या गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. तिथला कायदा असं धरून चालायचा की उलट सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबर. दोष सॉफ्टवेअरमध्ये होता हे कोर्टात सिद्ध झालं तरी बहुतेकांच्या कपाळावरचा शिक्का पुसला गेला नव्हता. मग २०२४च्या जानेवारीत टीव्हीवर त्यावर चार भागांची मालिका आली. लोक खवळले. मे महिन्यात संसदेनं खास कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. वीस वर्षं जे अडलं होतं त्याला मालिकेनं पाच महिन्यांत धक्का दिला. त्या मालिकेत संगणक हे पात्रच नाही. तांबडा डोळा नाही, घोगरा आवाज नाही. आहेत ती माणसं : सोसणारी, आणि माहीत असून गप्प बसणारी. लेखकानं विंगेतला पडदा ओढला, एवढंच केलं.

आता खरा आक्षेप. होरायझन साधं हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं, रेशनचं मशीन त्याहून साधं. आजची यंत्रं स्वतः शिकतात. ती काय बोलतील हे बनवणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही. मग सूत्रधार कसला? दोरीच तुटलीय!

या आक्षेपावर मी बराच विचार केला आणि मला उत्तर सापडलं ते आमच्या आजोळच्या कोंडवाड्यात. पूर्वी गावोगाव असायचा, चार भिंती आणि एक फाटक. बैल दावं तोडून दुसऱ्याच्या शाळूत शिरला की लोक त्याला हाकत आणून कोंडवाड्यात घालायचे. मालकानं यायचं, दंड भरायचा, चारापाण्याचा खर्च द्यायचा, मग जनावर सोडवायचं. इंग्रजांनी १८७१ साली त्याचा कायदाच केला. बैलाला स्वतःचं मन आहे, हे कुणी कधी नाकारलं? बैल कधी बिथरेल हे मालकालाही सांगता येत नाही, बेंदराला शिंगं रंगवताना सगळे जपूनच असतात. पण 'साहेब, बैल आपल्या मनानं गेला, मी कुठं पाठवला?' असं म्हणून दंड चुकवलेला मालक मी ऐकला नाही. उलट बैल मारका आहे हे ठाऊक असून मोकळा सोडला असेल तर गाव जास्तच बोलायचं. यंत्राला मन आहे की नाही, जाणीव आहे की नाही, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा, मजेचा विषय आहे. जबाबदारी ठरवायला तो वाद मिटायची वाट बघायचं कारण नाही.

म्हणूनच मे २०२३ मध्ये जगातल्या शेकडो तज्ज्ञांनी, कृत्रिम बुद्धिमत्तेमुळं मानवजात नष्ट होण्याचा धोका आहे, अशा एका निवेदनावर सह्या केल्या तेव्हा मी जरा बिचकलो आणि जरा चिडलोही. बिचकलो, कारण त्यांत आयुष्य या विषयात घालवलेली प्रामाणिक माणसं होती. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. चिडलो, कारण त्याच यादीत ती यंत्रं बनवून विकणाऱ्या कंपन्यांचे प्रमुखही होते. माझा बैल फार मारका आहे हो, सांभाळून राहा, असं चावडीवर ओरडायचं आणि घरी जाऊन दावं सोडायचं, असला हा प्रकार. बैल जितका भयंकर रंगवावा तितका मालक बिचारा दिसतो. अललडुर्रची आरोळी मोठी असली की झांजा कोण वाजवतोय इकडं कुणाचं लक्ष जात नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. कर्ज नाकारलं, पेन्शन थांबली, रेशन बंद झालं, अर्ज बाद झाला, आणि ते यंत्रानं केलं असेल, तर त्या नकाराखाली माणसाचं नाव आणि हुद्दा असावा. कागदावर, मराठीत, कारणासकट. यंत्राला नाही म्हणायचा अधिकार कुणी दिला, हे त्या कागदावर वाचता यावं आणि त्या माणसाकडं जाऊन भांडता यावं. भांडता येणं महत्त्वाचं आहे. पूर्वीच्या कचेऱ्या काही स्वर्ग नव्हत्या. तिथला कारकूनही खेटे घालायला लावायचा, चहापाणी मागायचा. पण त्याच्या टेबलावर हात आपटता यायचा. आक्का कुणाच्या टेबलावर हात आपटणार? आणि आपटला तरी थम लागेलच असं नाही.

गोष्टी लिहिणाऱ्यांकडं माझं मागणं याहून लहान आहे. यंत्राला खलनायक करायला हरकत नाही, राक्षसाशिवाय नाटकाला मजा कुठली? फक्त सूत्रधाराला त्याच रंगमंचावर, त्याच उजेडात उभा करा. पाहिजे तर उजेड मी देतो.

एकांकिका संपल्यावर त्या पोरांना मागं जाऊन हेच म्हटलं. थर्माकोलचे तुकडे गोळा करत होते. बल्बवाला पोरगा अजून खजील होता, वायर गुंडाळत एका कडेला उभा. मी म्हटलं, पुढच्या प्रयोगाला याला स्विचसकट पुढं बसवा, खोक्याच्या शेजारी, खुर्चीवर. लेखक पोरगा विचारात पडला. म्हणाला, "सर, मग सगळं नाटकच बदलतंय. आणि ह्यो बोलणार काय?"

"आधी नाव सांगू दे," म्हटलं. "पुढचं बघू."